तात्यांची काडी: एका द्राक्ष वाणाच्या नोंदणीचं प्रकरण

नोव्हेंबर २०२३. तासगाव तालुक्यातले एक बागायतदार सांगलीत माझ्या ऑफिसात आले. त्यांना आपण तात्या म्हणू. गाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून अशाच आणखी एका प्रकरणातले एक-दोन तपशील यात मिसळले आहेत. तात्यांनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षवेलीच्या काड्यांची जुडी, आणि काळ्या प्लास्टिक पिशवीतलं एक कलम. कलमाला सुतळीनं चिठ्ठी बांधली होती. वर नर्सरीचं नाव, खाली मोठ्या अक्षरात वाणाचं नाव.

"वकीलसाहेब, ही काडी माझी हाय," तात्या म्हणाले. "पण नाव बघा कुणाचं लावलंय."

सोबत पुतण्या होता, पुण्यात नोकरीला. त्यानं येतानाच उत्तर आणलं होतं: पेटंट घ्यायचं. त्याची भीतीही ठरलेली होती, "हळदीसारखं अमेरिकेनं नेलं तर?" सांगलीत हळदीचं उदाहरण प्रत्येक माणूस देतो, इथला बाजारच हळदीचा आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, डॉ. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द ठरलं. पण तो वाद हळदीच्या वापराचा होता, हळदीच्या रोपाचा नव्हता. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे वनस्पती, तिचा कुठलाही भाग, बियाणं, वाण, यांतल्या कशालाच पेटंट मिळत नाही. वेलीला पेटंट नाही, विषय संपला. पुतण्याचा चेहरा उतरला, तात्यांचा नाही. त्यांना तो शब्द मुळातच पटलेला नव्हता.

वाणासाठी वेगळा कायदा आहे: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. जागतिक व्यापार करारानं देशांना मुभा दिली होती की वनस्पतींना पेटंट द्या नाहीतर स्वतःची वेगळी चौकट उभारा. भारतानं वेगळी चौकट उभारली आणि तिच्या नावातच शेतकरी घातला. वेलीला संरक्षण १८ वर्षांचं, पहिली ९ आणि मग नूतनीकरण. नोंदणी दिल्लीच्या प्राधिकरणाकडे. शेतकऱ्याला शुल्क माफ आहे, कलम ४४ प्रमाणे थेट उच्च न्यायालयापर्यंतच्या कामकाजातही.

हे सगळं सांगून झाल्यावर मी वही काढली आणि तात्यांना पहिल्या दिवसापासून सांगायला लावलं.

२०१८ च्या जानेवारीत थॉमसन या बिनबियांच्या द्राक्ष वाणाच्या जुन्या बागेत एका वेलीच्या एकाच ओलांड्यावर, म्हणजे आडव्या फांदीवर, लांबट मण्यांचे घड दिसले. बाकीची वेल नेहमीची. डोळ्यातच बदल होऊन असं होतं. वेलीवरचा एक फुटवा वेगळा निघतो आणि तशीच काडी लावली तर तोच गुण पुढे येतो. आपल्याकडचे सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन हे सगळे थॉमसनच्याच घरातले, बागायतदारांच्या नजरेतून निवडले गेलेले. म्हणजे तात्यांनी केलं ते या भागाला नवं नव्हतं. त्यांनी त्या ओलांड्याला लाल कापडाची चिंधी बांधली. सप्टेंबरमध्ये तिथल्या काडीनं डॉगरिज जातीच्या खुंटावर चाळीस पाचर कलमं केली. २०२० मध्ये पहिलं फळ, चाचणीपुरतं. त्याच वर्षी सप्टेंबरला मिरज तालुक्यातल्या दाजींना जुडीभर काडी दिली, फुकट. दाजींना काडी नाही म्हणायची कुणाची छाती? फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या चाळीस झाडांचा माल वेगळा बांधून विकला, पेटीला बाकीपेक्षा जास्त भाव घेऊन. सप्टेंबर २०२१ मध्ये नर्सरीवाल्यानं काडी मागितली. पैसे रोख, कागद नाही. २०२२ मध्ये पुन्हा, या वेळी पैसे मोबाईलवर आले. २०२३ ला नर्सरीनं स्वतःच चिठ्ठी छापली.

मी विचारलं, "मधे कधी अर्ज करावा असं वाटलं नाही?"

"काडीचा कसला अर्ज वं?"

इथे या प्रकरणाचा पहिला पेच होता, आणि मी तो सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागात नव्वद टक्के प्रकरणं इथेच पडतात (हा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही). कायद्यात 'नवा वाण' म्हणून नोंदणी हवी असेल तर तो खरोखर नवा लागतो, आणि नवेपणा मोजतात विक्रीवरून. अर्जाच्या तारखेच्या मागे एक वर्षापेक्षा आधी भारतात त्याची विक्री झालेली नसावी. देशाबाहेर विक्री असेल तर वेलींना सहा वर्षांची सवलत आहे, पण घरात एकच वर्ष. आणि विक्री म्हणजे फक्त काडीची नव्हे. कायदा लागवडीचं साहित्य म्हणतो तसंच काढलेला मालही म्हणतो. म्हणजे घड. म्हणजे फेब्रुवारी २०२१ च्या त्या पेट्या.

तात्यांना हे कळायला वेळ लागला. त्यांच्या डोक्यात वाण म्हणजे काडी. द्राक्ष विकणं हा तर रोजचा धंदा. "मग काय द्राक्षं फेकून द्यायची व्हती?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते ऐकायला बरं नाही: विका, पण पहिल्या वेगळ्या पेटीच्या दिवसापासून बारा महिन्यांत अर्ज करा.

प्रत्येक घटना सारखी नसते, म्हणून मी एकेक तपासली. २०१८ चे ते पहिले दोन-चार घड बाकीच्या मालातच गेले. ती विक्री वाणाच्या फायद्यासाठी झालेली नाही, तेव्हा कुणाला काही माहीतही नव्हतं. दाजींना दिलेली काडी चाचणी म्हणून दाखवता येते. न विकता केलेल्या चाचणीनं हक्क जात नाही असं कायद्यातच लिहिलंय. पण २०२१ च्या पेट्या वेगळ्या बांधलेल्या, वेगळ्या भावाच्या, आणि व्यापाऱ्याच्या पट्टीवर 'लांब मणी' असं लिहिलेलं. यातून सुटका नव्हती. फेब्रुवारी २०२२ पर्यंत अर्ज झाला असता तर 'नवा वाण' हे दार उघडं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बंद होतं.

पण या कायद्याला दुसरं दार आहे. 'शेतकऱ्याचा वाण' हा विद्यमान, म्हणजे आधीपासून असलेल्या, वाणांतला एक प्रकार. त्याला नवेपणाची अट नाही. लागतं ते वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता. शेतकऱ्यांच्या वाणाला एकसारखेपणात थोडी ढीलही आहे, वेगळी निघालेली झाडं नेहमीच्या दुपटीपर्यंत चालतात. व्याख्या मात्र नीट वाचावी लागते: शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेनं लावलेला आणि उत्क्रांत केलेला वाण. पाच वर्षांपूर्वीच्या एका ओलांड्याला परंपरा कोण म्हणणार?

मी तात्यांना विचारलं, सध्या ही काडी किती जणांकडे आहे? ते बोटं मोजायला लागले. दाजी, दाजींचे भाऊ, शेजारचा, बांधावरचा, दोन पाव्हणे कवठेमहांकाळकडचे. अकरा जण निघाले. तीन तालुके.

पहिलं दार विक्रीनं बंद केलं होतं, दुसऱ्या दारावर वाटप आपली ओळख सांगणार होतं. तात्यांनी माल विकला नसता तर काडी नवी राहिली असती. वाटली म्हणून ती शेतकऱ्यांची झाली. मी अकराही जणांकडून लेखी घेतलं: कुठल्या साली काडी आणली, कुणाकडून, किती झाडं, कोणत्या नावानं ओळखतो. गंमत अशी की अकरा जणांत चार नावं निघाली.

आणि लगेच दुसरा पेच. अर्ज एक शेतकरी करू शकतो, शेतकऱ्यांचा गट करू शकतो, समुदायही करू शकतो. पत्रावर सही करताना दाजींनी पेन खाली ठेवलं. त्यांचं म्हणणं, ओलांडा तात्यांचा खरा, पण त्यांच्या शेतात काही झाडं परत साध्या मण्यावर गेली होती, ती त्यांनी उपटली आणि टिकणारीच काडी पुढे दिली. निवड त्यांनीही केली. हे खरं होतं. असे डोळे कधी कधी उलटतात, कारण बदल पेशींच्या एकाच थरात झालेला असतो आणि दुसऱ्या थरातून फुटलेला फुटवा जुनाच निघतो. तात्यांच्याही चाळीसपैकी तीन झाडं उलटली होती. म्हणजे स्थिरतेचं काम दोन घरांत झालं होतं.

आणखी एक गोष्ट तात्यांनी निघता निघता सांगितली. तो ओलांडा पहिल्यांदा त्यांना दिसलाच नव्हता. विरळणीला आलेल्या टोळीतल्या एका बाईनं हाक मारली होती, "मालक, हिकडं घड येगळंच हायती." कायद्याच्या भाषेत पैदासकार तो, जो वाण विकसित करतो; नुसतं आधी दिसणं त्यात बसत नाही. अर्जात तिच्यासाठी रकाना नाही. मी वाणाच्या इतिहासात ते वाक्य लिहिलं, तात्यांनी वाचलं आणि राहू द्या म्हणाले. त्याचा कायदेशीर उपयोग शून्य आहे हे मला माहीत आहे.

शेवटी अर्ज तात्या आणि दाजी अशा दोघांच्या नावे करायचा ठरला आणि बाकीच्यांची पत्रं जोडायची. तो निर्णय माझ्या ऑफिसात झाला नाही. रविवारी दाजींच्या घरी जेवणावर झाला, मला सोमवारी फोनवर कळला.

आता वेगळेपणा. थॉमसनपेक्षा मणी लांब, हा दावा. पण आमच्याकडे लांब मणी कसा होतो हे शेंबडं पोरही सांगेल: जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल हे वाढीचं औषध. फुलोऱ्याआधी घड लांबवायला, मणी सेट झाल्यावर फुगवायला, ठरावीक प्रमाणात बुडवून काढतात. त्यामुळे कुणीही विचारणार, हा गुण झाडाचा की डिपिंगचा? तात्यांकडे फोटो ढीगभर होते, सगळे डिपिंगनंतरचे. पुरावा म्हणून त्यांची किंमत कमी. त्यांची फवारणीची वही मात्र सोन्याची निघाली. निर्यातीच्या मालाला अवशेष तपासणी होते म्हणून कुठल्या दिवशी काय मारलं ते सगळं लिहिलेलं. त्यात २०२० च्या चाचणी फळावर जीए मारलं नसल्याची नोंद सापडली. तीच वही उलटीही जाऊ शकली असती, कारण निर्यातीसाठी ग्रेपनेटवर प्लॉट नोंदवताना वाण 'थॉमसन सीडलेस' असा लिहिलेला. उद्या विरोध करणारा हेच काढेल. मी अर्जातच सांगून टाकलं: मूळ बाग थॉमसनची, ही तिच्यातली निवड.

हे सांगण्यात धोका नव्हता, कारण थॉमसन कुणाच्या मालकीचा नाही. मूळ वाण कुणाचा तरी नोंदलेला असता तर चित्र बदललं असतं. मग आपला वाण त्याच्यापासून मूलतः व्युत्पन्न ठरला असता आणि मूळ पैदासकाराची संमती लागली असती. नाशिककडे करारावर आलेल्या परदेशी रंगीत वाणांच्या बागेत असा ओलांडा सापडला, तर पहिल्यांदा करार वाचा, मग काडी तोडा. जैवविविधता कायद्याची वेगळी परवानगी मात्र लागत नाही, त्या कायद्याचं कलम ६(३) वाण नोंदणीच्या अर्जांना वगळतं.

तात्या आले तेव्हा छाटणी झाली होती, डिपिंग व्हायचं होतं. मी दोन ओळी मागितल्या: एक नव्या काडीची, एक शेजारच्या थॉमसनची, दोन्ही डॉगरिजवर, एकाच दिवशी छाटलेल्या. जीए नाही, गर्डलिंग (मणी फुगवायला सालीची पट्टी काढणं) नाही, विरळणी सारखीच. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांची म्हैस मागितली. फेब्रुवारीत आम्ही मोजायला व्हर्नियर मोजपट्टी घेऊन बसलो. प्रत्येक ओळीतल्या दहा झाडांवरचा मधला घड, घडाच्या मधले मणी, लांबी आणि जाडी वेगवेगळी. डिपिंगच्या मालात दिसणारा फरक इथे निम्म्याहून कमी झाला, पण राहिला. आणि एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती ती दिसली: मण्याचं टोक. थॉमसनचं गोलसर, याचं किंचित निमुळतं, जीए असो वा नसो. लांबी औषधानं हलते, टोकाचा आकार तसा हलत नाही. अर्जात मी लांबी दुसऱ्या क्रमांकावर नेली.

दरम्यान नर्सरी. तात्यांना खरा राग तिचाच होता, आणि त्यांच्या अपेक्षा कमी करणं हे माझं सगळ्यांत कठीण काम. नोंदणी झाली तरी शेजाऱ्यानं शेजाऱ्याला काडी देणं थांबत नाही. कलम ३९ प्रमाणे शेतकरी नोंदलेल्या वाणाचंही बियाणं ठेवू, लावू, वाटू, विकूही शकतो. कायद्यात बियाणं म्हणजे ज्यापासून तसंच झाड उभं राहतं ते, म्हणून काडीही आली. मनाई एकच: पाकिटात किंवा पिशवीत घालून, नोंदलेल्या वाणाची चिठ्ठी लावून विकता येत नाही. म्हणजे टेबलावर तात्यांनी ठेवलेली ती काळी पिशवी आणि सुतळीची चिठ्ठी, नेमकी तीच. फक्त नोंदणीच्या आधीच्या पिशव्यांवर काही करता येत नाही. आणि नर्सरीवाला उद्या म्हणेल, मी पण शेतकरीच. त्याच्या नावे सातबारा आहे, तो खोटं बोलणार नाही. तिथे भांडण पिशवीवर होईल, सातबाऱ्यावर नाही.

या कलमाचं वजन देशाला कळलं ते बटाट्यावरून. पेप्सिकोनं एफएल २०२७ या वाणासाठी २०१९ मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले, ओरड झाल्यावर मागे घेतले. मग त्या वाणाच्या नोंदणीलाच आव्हान गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणानं ती रद्द केली. त्यातले मुद्दे तात्यांच्या कामाचे होते: अर्जात 'नवा' लिहायचं की 'विद्यमान', आणि पहिल्या विक्रीची तारीख कुठली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी जुलै २०२३ मध्ये रद्द करणं कायम ठेवलं. खंडपीठानं जानेवारी २०२४ मध्ये तो निकाल फिरवला. मी तात्यांना एवढंच दाखवलं की मोठ्या कंपनीचे वकीलही याच दोन रकान्यांवर वर्षानुवर्षं झगडले. आपण तारीख खरी लिहू. फेब्रुवारी २०२१, व्यापाऱ्याच्या पट्टीसह.

नर्सरीला मी नोटीस काढली नाही. भेटायला गेलो. पैसे मोबाईलवर आले होते म्हणजे काडी तात्यांकडून घेतल्याचा कागद आपोआप तयार होता. नर्सरीवाल्यानं चहा पाजला आणि लिहून दिलं की काडी तात्यांच्या बागेतली आहे. पुढच्या विक्रीतून काही देणार का, या प्रश्नावर दुसरा चहा मागवला. तो मुद्दा अजून तिथेच आहे.

अर्जाला शिफारस लागते. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्ह्याचे कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक, यांतल्या कुणाचीही चालते. आम्हाला समितीची मिळाली. समिती आहे हे गावात पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. शेतकऱ्यांच्या वाणांना अर्जाची मुदतही असते, पीक अधिसूचित झाल्यापासून मोजलेली आणि वेळोवेळी वाढवलेली. ती आधी तपासून घ्यावी, नंतर नाही.

नावावर मात्र दोन आठवडे गेले. तात्यांना गावाचं नाव हवं होतं. कलम १७ भौगोलिक नावाला आडवं येतं, विशेष कारण असल्याशिवाय. "तास-ए-गणेशात तासगाव न्हाई व्हय?" आहे, पण तो या कायद्याच्या आधीचा. दाजींनी देवाचं नाव सुचवलं. ते कुणाच्या भावनेला लागेल म्हणून मी टाळलं. नुसते आकडे चालत नाहीत. नर्सरीनं छापलेलं नाव बाजारात चांगलं चालत होतं आणि तेच घ्यावं असा पुतण्याचा व्यवहारी सल्ला होता. तात्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. शेवटी अकरा पत्रांतल्या चार नावांतलं, दाजींच्या भावानं वापरलेलं एक साधं नाव निवडलं.

२०२४ च्या पावसाळ्यात अर्ज गेला. तपासणी होईल, मग नियतकालिकात जाहिरात, तीन महिने विरोधाला. चाचणीवाले कधी येतील याचा नेम नाही, म्हणून त्या दोन ओळी तशाच ठेवायच्या असं ठरलंय. मागच्या फेब्रुवारीत व्यापारी सौद्याला आला, बाग फिरला, आणि त्या बारीक मण्यांच्या ओळींपाशी थांबून म्हणाला, "तात्या, हितं औषध चुकलं जणू." त्यानं त्या दोन ओळी सोडून बाकी बाग घेतली. त्यांचा माल बेदाण्याच्या शेडवर गेला.

"सरकारी हायत त्या दोन ओळी," तात्यांनी त्याला सांगितलं.